पाय घसरला म्हणतात, पण घसरण्यासारखं काही नव्हतं: वयस्करांचं पडणं आणि हृदय

तोलसांभाळ

वयस्कर माणूस पडला की चिठ्ठीवर बहुतेक वेळा 'तोल जाऊन पडले' एवढंच लिहून येतं आणि माझ्यासारख्या फिजिओकडे रवानगी होते. बऱ्याच जणांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. पण काहींचं गणित जुळत नाही. नमुना असा: वय ७८, चाल व्यवस्थित, मांड्यांत ताकद, नजर ठीक, एका पायावर सात-आठ सेकंद आरामात उभ्या राहतात. तरी सहा महिन्यांत तीनदा पडल्या, तिन्ही वेळा सपाट, कोरड्या जागी. एकदा पहाटे लघवीला उठल्यावर, एकदा जेवणानंतर, एकदा दारात उभ्या असताना. शेवटच्या वेळी नाक आणि कपाळ फुटलं, तळहातांना मात्र साधं खरचटलंही नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: 'पाय अडकला असेल.' शुद्ध गेली होती का? 'छे, अजिबात नाही.'

डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल, ईसीजी 'ठीक', २४ तासांचा होल्टर (अंगाला लावून ठोक्यांची सलग नोंद ठेवणारं यंत्र) नॉर्मल. बीपीच्या दोन गोळ्या चालू, शिवाय काचबिंदूचे थेंब.

अशा वेळी तोलाचे व्यायाम करून घेत राहावं, की डॉक्टरांकडे परत पाठवावं? पाठवायचं तर नेमकं काय लिहून पाठवावं म्हणजे पुन्हा 'सगळं नॉर्मल' असा शेरा येणार नाही?

---

हृदयस्थ

परत पाठवा. तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात बोलकी गोष्ट तळहातांची आहे. शुद्धीवरचा माणूस पडताना हात पुढे करतो. म्हणून मनगट मोडतं, तळवे सोलवटतात, गुडघे फुटतात. चेहरा फुटला आणि हात साफ आहेत, याचा अर्थ जमिनीवर आदळण्याआधीच शुद्ध गेली होती असा धरून चालायचं, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत.

'शुद्ध गेली नव्हती' यावर विसंबू नका. मेंदूचा रक्तपुरवठा ६ ते ८ सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते, आणि आडवं पडल्याबरोबर रक्त पुन्हा पोचून माणूस भानावर येतो. मधल्या काही सेकंदांची आठवण वयस्कर मंडळींच्या डोक्यात अनेकदा उरतच नाही. डोळ्यांदेखत बेशुद्ध पडलेला माणूस मिनिटभरात 'मला काही झालं नाही' म्हणतो आणि ते मनापासून म्हणतो. मग मेंदू स्वतःच कारण शोधतो आणि पाय अडकल्याची गोष्ट तयार होते. म्हणून 'शुद्ध गेली होती का?' असं विचारण्यात अर्थ नाही. त्याऐवजी विचारा: जमिनीवर आपटल्याचं आठवतं का? पडताना काय दिसलं? पडण्याच्या लगेच आधी काय करत होता, आणि त्यानंतरची पहिली आठवण कोणती? या दोन आठवणींत फट असेल तर ती बेशुद्धी.

आता कारणांकडे. माझ्या मते तीन गठ्ठे करावेत, कारण तिघांची निकड वेगळी आहे.

पहिला, बीपी उतरण्याचा. सगळ्यांत जास्त आढळणारा. उभं राहिल्यावर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. तरुण शरीर क्षणात रक्ताच्या नळ्या आवळून आणि ठोके वाढवून ते सावरतं, म्हाताऱ्या शरीरात ही प्रतिक्रिया संथ होते, त्यात गोळ्यांची भर. जेवणानंतरचं पडणंही यातलंच: रक्त आतड्यांकडे वळतं आणि जेवल्यावर दोन तासांच्या आत वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त घसरू शकतं. तुमच्या नमुन्यात पहाट आणि जेवण दोन्ही आहेत.

दुसरा, ठोक्यांचा. हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर म्हातारा होतो, किंवा वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारी वायरिंग तुटते. ती पूर्ण तुटली (यालाच इथे 'ब्लॉक' म्हणतो) की खालचे कप्पे स्वतःच्या बळावर मिनिटाला ३०-४० च्या गतीने कसेबसे चालतात, आणि मधूनच तेही थांबतात. यात पडण्याला पूर्वसूचना नसते: मळमळ नाही, घाम नाही, अंधारी नाही. बसलेला किंवा पलंगावर पडलेला माणूसही बेशुद्ध होतो. जवळच्यांनी पाहिलेलं असेल तर ते सांगतात, चेहरा कागदासारखा पांढरा झाला आणि भानावर येताना एकदम लालबुंद. असं वर्णन कोणी केलं तर बाकीचं बोलणं बाजूला ठेवून ईसीजी काढायचा.

याच गठ्ठ्यात एक फसवा प्रकार आहे. एट्रियल फिब्रिलेशनचा (वरच्या कप्प्यांच्या बेताल, वेगवान लयीचा) झटका चालू असताना माणूस नुसती धडधड सांगतो. झटका आपोआप थांबतो, पण दमलेला नैसर्गिक पेसमेकर लगेच जागा होत नाही. चार-सहा सेकंद एकही ठोका नाही आणि माणूस खाली. धडधडीवर ठोके कमी करणारी गोळी दिली की ही फट आणखी वाढते. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा हृदयाची पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली असेल, तर खालच्या कप्प्यांतून सुटणारी वेगवान लय हे कारण असू शकतं. ती जिवावरची आहे, तिथे थांबायला वेळ नसतो.

तिसरा, अडथळ्याचा. महाधमनीची झडप कडक आणि अरुंद झालेली. जिना चढताना, सामान उचलताना स्नायूंतल्या नळ्या उघडतात, पण झडपेतून जास्त रक्त बाहेर पडूच शकत नाही, आणि बीपी कोसळतं. श्रम करता करता आलेली बेशुद्धी म्हणजे आधी इको (हृदयाची सोनोग्राफी), मग बाकी सगळं. झडपेचं छिद्र १ चौरस सेंमीपेक्षा लहान असेल तर आजार गंभीर मानतात. फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळीही याच गठ्ठ्यात: बेशुद्धीनंतर दम लागतोय, नाडी जोरात आहे, एक पाय सुजलाय.

पत्रात 'तोल गेला' हा शब्दच नको. 'कारण न सापडलेलं पडणं, चेहऱ्याला इजा, हातांना नाही, घटनेची सलग आठवण नाही, बेशुद्धीची शंका' असं लिहा.

---

रात्रपाळी

हृदयस्थ यांच्याशी सहमत. फक्त एक जोड: पाठवण्याआधी झोपून-उभ्याने बीपी घेऊन आकडे पत्रातच लिहा. हे बहुतेक ठिकाणी घेतलेलं नसतं, किंवा घेतलेलं असतं ते चुकीचं.

रीत अशी. ५ मिनिटं सपाट झोपवा, गप्पा नकोत. झोपून एक माप. मग उभं करा आणि १ मिनिटाला व ३ मिनिटांना माप घ्या. प्रत्येक वेळी नाडीही लिहा. वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, किंवा वरचं ९० च्या खाली गेलं, तर चाचणी पॉझिटिव्ह. झोपल्यावर बीपी मुळातच खूप चढलेलं असेल तर ३० चा उतार धरतात.

काय चुकतं ते सांगते. खुर्चीत बसलेल्याला उभं करून मोजतात. बसल्यावर रक्त आधीच थोडं उतरलेलं असतं, त्यामुळे फरक लहान दिसतो. झोपवणं शक्यच नसेल तर १५ चा उतारही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. दुसरं, उभ्या माणसाचा हात खाली लोंबकळत ठेवून माप घेतात. दंड हृदयापेक्षा १० सेंमी खाली गेला की आकडा साधारण ७-८ ने वाढतो, आणि नेमका शोधत होतो तो उतार झाकला जातो. हात तुम्ही आपल्या हातावर छातीच्या उंचीला धरून ठेवा. तिसरं, सकाळी अकराला, दोनदा चहापाणी होऊन, व्हरांड्यात चालून आलेल्या माणसाचं बीपी घेतात. ते छानच येणार. पहाटे, पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी घ्या; आणि जेवणानंतर तासाभराने आणखी एकदा.

काहींचं बीपी उभं राहिल्यावर पहिल्या १५ सेकंदांतच ४० ने कोसळतं आणि मिनिटभरात सावरतं. आपोआप फुगणारं मशीन तेवढ्या वेळात हवासुद्धा भरून पुरं करत नाही. त्यामुळे आकडे चांगले, पण माणूस उठताच पलंगाचा कठडा धरून डोळे मिटतो, असं दिसलं तर ते तसंच शब्दांत लिहा. ठोके अनियमित असतील तर मशीनचा एक आकडा खरा धरू नका, तीनदा घ्या. आणि नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, पूर्ण मिनिट मोजा.

नाडीवरूनही काही कळतं. बीपी उतरलं आणि ठोके १५ पेक्षा जास्त वाढले, तर पाणी कमी पडलंय किंवा रक्त कुठेतरी जातंय का बघा. बीपी उतरलं आणि ठोके जागचे हलले नाहीत, तर नसांचा आजार (मधुमेह, पार्किन्सन्स) किंवा ठोके रोखणाऱ्या गोळ्या.

उभं करताना मागे खुर्ची आणि शेजारी दुसरा माणूस हवाच. गरगरलं की लगेच झोपवा आणि त्याच क्षणाचं माप घ्या, तेच सगळ्यांत मोलाचं.

---

औषधविचार

काचबिंदूचे थेंब कुठले, ते आधी विचारा. टिमोलॉल असेल तर तो बीटा ब्लॉकरच, म्हणजे ठोके मंदावणारं औषध आहे. डोळ्यात घातलेला थेंब अश्रूनळीतून नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात, यकृताला वळसा घालून. औषधांच्या यादीत मात्र लोक थेंब धरतच नाहीत. तोंडाने त्याच गटातलं मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू आणि वरून टिमोलॉल, की ठोके चाळिशीत यायला वेळ लागत नाही. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला तर रक्तात जाणारा अंश बराच कमी होतो. नेत्रतज्ज्ञाकडे दुसऱ्या गटातले थेंबही असतात.

बाकी संशयित:

प्रोस्टेटच्या गोळ्या. टॅमसुलोसिन, प्राझोसिन. पहिल्या डोसाला आणि मध्ये काही दिवस खंड पडून पुन्हा सुरू केल्यावर बीपी जोरात पडतं. त्या वयाचे पुरुष रात्री दोन-तीनदा उठतात, तेही अंधारात, आणि उभ्याने लघवी करतात. बसून करायला सांगा.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि नाइट्रेट (छातीदुखीसाठी नळ्या सैल करणारं औषध). जुलाब किंवा ताप असतानाही ठरल्या डोसाने चालू ठेवल्या जातात. मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन गटालाही हेच लागू.

व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (हीही ठोके मंदावणारी), सोबत बीटा ब्लॉकर. ही जोडी वयस्करांत ब्लॉक घडवते. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या, असं हमखास असतं.

डोनेपेझिल. स्मृतिभ्रंशासाठी देतात, ठोके कमी करतं. हे सुरू झाल्यानंतर पडणं सुरू झालं का, हे तारखा लावून बघा. अशा रुग्णांत 'आठवत नाही' या उत्तराला कोणी महत्त्व देत नाही, म्हणून हे आणखी सुटतं.

क्यूटी (ईसीजीतला, खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होण्याचा वेळ; तो फार लांबला की जिवावरची वेगवान लय सुटू शकते) लांबवणारी औषधं: हॅलोपेरिडॉल, क्लॅरिथ्रोमायसिन, ऑन्डॅन्सेट्रॉन, फ्लुकोनाझोल, सिटालोप्राम. साठीनंतर सिटालोप्राम दिवसाला २० मिग्रॅच्या वर नको. एकेकटं सहसा निभावतं. दोन एकत्र आणि पोटॅशियम कमी, मग धोका. क्लॅरिथ्रोमायसिनची आणखी एक खोड म्हणजे ते ॲम्लोडिपिन (बीपीचं) आणि डिगॉक्सिन (ठोके मंदावणारं) दोन्हींची रक्तातली पातळी वाढवतं. आठवड्याभराचं अँटिबायोटिक आणि त्याच आठवड्यात पडणं, हा योगायोग मानू नये.

मात्र हे वाचून कोणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नका. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडीन (बीपीची गोळी) एकदम तोडले की बीपी आणि ठोके उसळतात. यादी थेंब, मलमं, झोपेच्या गोळ्या, सर्दीची औषधं यांसकट लिहा, प्रत्येकीपुढे सुरू झाल्याची तारीख आणि घेण्याची वेळ टाका, आणि ती पडण्याच्या तारखांशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा.

---

तोलसांभाळ

तिघांचेही आभार. थेंब टिमोलॉलचेच आहेत. दोन उपप्रश्न. होल्टर नॉर्मल आल्यामुळे घरचे 'हृदयाचं काही नाही' म्हणून निर्धास्त आहेत, त्यांना काय सांगावं? आणि दारात पडल्या तेव्हा शेजारणीने हातपाय झटकताना पाहिलं. त्यावरून फिटची गोळी सुरू करायचं चाललंय.

---

हृदयस्थ

होल्टर लावला त्या २४ तासांत त्या पडल्या होत्या का? नाही ना? मग होल्टरने एवढंच सांगितलं की न पडलेल्या दिवशी ठोके ठीक होते. सहा महिन्यांत तीनदा पडणाऱ्याला एका दिवसाच्या पट्टीत पकडणं म्हणजे निव्वळ नशीब. यंत्र घटनेच्या वारंवारतेवरून निवडायचं. रोज होत असेल तर २४-४८ तासांचा होल्टर. आठवड्याला होत असेल तर छातीवर चिकटणारा ७ ते १४ दिवसांचा पॅच. महिना-दोन महिन्यांतून एकदा असेल तर कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर, जो सुमारे तीन वर्षं नोंद ठेवतो. त्याला भूल फक्त तेवढ्या जागेपुरती लागते. मनगटावरच्या घड्याळाचा ईसीजी इथे कुचकामी, कारण तो काढायला दुसऱ्या हाताचं बोट लावणारा माणूस शुद्धीवर असावा लागतो.

ईसीजी 'ठीक' हाही शब्द फसवा. तो कागद १० सेकंदांचा असतो. मूळ कागद मागवा आणि बघा: क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत लहर पसरण्याचा वेळ) १२० मिलिसेकंदांहून रुंद आहे का, बंडल ब्रँच ब्लॉक (खालच्या कप्प्यांकडची एक वायर निकामी) आहे का, पीआर (लहर वरून खाली पोचण्याचा वेळ) लांबलाय का, क्यूटी ५०० च्या पुढे गेलाय का. जुना कागद असेल तर शेजारी ठेवून बघा. बेशुद्धी आणि बंडल ब्लॉक एकत्र दिसले तर तो नॉर्मल ईसीजी नव्हेच.

झटक्यांबद्दल: मेंदूला रक्त कमी पडलं की साध्या बेशुद्धीतही हातपाय झटकतात. कामचलाऊ हिशेब असा की झटके दहाच्या आत, बेताल आणि कोसळल्यानंतर सुरू झालेले असतील तर बेशुद्धी. विसाच्या वर, लयीत असतील तर फिट. भानावर यायला किती वेळ लागला तेही विचारा. पाऊण मिनिटात नाव-गाव सांगितलं तर फिटची शक्यता कमी. दहा मिनिटं गोंधळलेल्या आणि जिभेच्या कडेला चावा असेल तर जास्त. कपड्यात लघवी होणं दोन्हींत होतं, त्यावरून काही ठरत नाही. फिटच्या गोळीची घाई नको. काही फिटच्या गोळ्या, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन, ब्लॉक वाढवतात.

आणखी एक तपासणी राहिली आहे: मानेतल्या धमनीची. मान वळवताना, घट्ट कॉलर, दाढी करताना, वर बघताना पडणं असेल तर नक्कीच, पण असं काही नसतानाही कारण सापडत नसेल तेव्हा करावी. मानेच्या धमनीवर एका वेळी एकाच बाजूला ५ ते १० सेकंद दाब देतात, आधी झोपवून, मग टिल्ट टेबलवर (बांधून उभं करता येणाऱ्या पलंगावर) उभं करून, ईसीजी आणि बीपी सतत चालू ठेवून. ठोके ३ सेकंद किंवा जास्त थांबले किंवा वरचं बीपी ५० ने पडलं आणि नेहमीची लक्षणं आली, तर कारण सापडलं. गेल्या तीन महिन्यांत पक्षाघात झाला असेल किंवा धमनीवर खरखर ऐकू येत असेल तर करत नाहीत. घरी किंवा फिजिओच्या टेबलावर हे करून बघण्याची गोष्ट नाही.

---

काठीवाला

सीटी आणि मानेचा डॉप्लर (धमन्यांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) सरसकट का करतात हे एक कोडंच आहे. पूर्ण शुद्ध हरपायला दोन्ही बाजूंचा किंवा मेंदूच्या देठाचा रक्तपुरवठा तुटावा लागतो. एका बाजूची धमनी अरुंद असली तर हात लुळा पडेल, वाचा जाईल, पण माणूस क्षणभर बेशुद्ध होऊन लगेच ठणठणीत उठणार नाही. सीटी इजा शोधण्यासाठी जरूर करा, कारण शोधण्यासाठी नव्हे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर उलट. डोक्याला मार लागला की माणूस हसत-बोलत असला तरी सीटी हवाच, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत डोकेदुखी, उलटी, सुस्ती आली तर पुन्हा. 'पडतात म्हणून' ही गोळी परस्पर थांबवू नका. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांत गुठळीने होणाऱ्या पक्षाघाताचा धोका बहुधा पडण्याच्या रक्तस्रावाहून मोठा असतो.

---

रात्रपाळी

घरच्यांसाठी, पुढच्या वेळी डोळ्यांदेखत पडल्या तर: उठवून बसवू नका. हीच सगळ्यांत मोठी चूक. आडवं राहिल्यानेच मेंदूला रक्त पोचतं. सपाट ठेवा, मार दिसत नसेल तर पाय फूटभर उचला, श्वास बघा. तोंडात पाणी घालू नका. श्वास नीट चालू नसेल, तर मदत बोलवा आणि छातीच्या मध्यावर दाब सुरू करा, मिनिटाला १०० ते १२०, ५-६ सेंमी खोल. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे.

श्वास असेल तर मनगटावर नाडी शोधा आणि घड्याळ बघा. जमिनीवर असतानाच घेतलेली नाडी ३२ होती की १६० होती, ही एक नोंद महिन्याभराच्या तपासण्या वाचवते. कोणाला जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ. मग वेळ, कोणत्या स्थितीत होत्या, शेवटचं जेवण आणि गोळ्या किती वाजता, चेहऱ्याचा रंग, किती सेकंदांत बोलल्या, एवढं लिहून ठेवा. छातीत दुखतंय, दम लागतोय, झोपून असताना किंवा श्रमात पडल्या, आधी धडधडलं, अशांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी इस्पितळ.

---

हृदयस्थ

एक राहिलं. पेसमेकर बसवायची वेळ आली तर घरच्यांना आधीच सांगा की तो ठोके सांभाळतो, नळ्या सैल पडून उतरणारं बीपी सांभाळत नाही. दोन्ही कारणं एकाच माणसात असणं वयस्करांत नेहमीचं आहे. नाही तर दोन महिन्यांनी पुन्हा पडल्या की 'मशीन बिघडलं' म्हणून येतात, मशीन उत्तम चालू असतं आणि उभ्याचं बीपी कोणी बघितलेलंच नसतं.

---

तोलसांभाळ

पत्र तयार केलं, आकड्यांसकट. रात्रपाळी यांच्या पद्धतीने घेतलं: झोपून १४८/८०, नाडी ५२, उभ्याने १ मिनिटाला ११८/७०, नाडी ५४, ३ मिनिटांना १२२/७२, नाडी ५४. तपास होईपर्यंत व्यायाम पूर्ण थांबवायचे का?

---

हृदयस्थ

३० चा उतार आणि ठोके दोनने वाढले. थेंबांचा मुद्दा आता पत्रात सगळ्यांत वर घ्या. ईसीजी मात्र तरीही नीट वाचून घ्या; टिमोलॉलने उघड केलेला ब्लॉक थेंब थांबवल्यावर झाकला जातो, नाहीसा होत नाही.

व्यायाम थांबवू नका, बदला. इको होऊन झडप ठीक आहे हे कळेपर्यंत जिना, वजन, श्वास रोखून जोर लावणं बंद. पलंगावर आणि खुर्चीत बसून करता येतील ते चालू. उठण्याची पद्धत शिकवा: कुशीवर वळणं, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसणं, तेवढ्यात टाचा-चवडे वीसेक वेळा हलवणं, मग आधार धरून उभं राहणं आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी मनात दहा मोजणं. अंधारी आली तर उभ्याउभ्या मांड्या एकमेकींवर आवळून नितंब घट्ट करायचे, नाही ओसरली तर खाली बसायचं, पुढचं काही पकडायला धावायचं नाही. पोटरीपर्यंतच्या मोज्यांनी फारसं भागत नाही, जास्त रक्त पोटात साठतं. पोटाचा पट्टा आणि मांडीपर्यंतचे मोजे बरे, फक्त दिवसा, झोपताना काढून.

हृदय कमकुवत नाही हे इकोत दिसलं आणि डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल, तर सकाळी उठण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी सलग प्यायला द्या. पाच-दहा मिनिटांत बीपी चढायला लागतं आणि असर साधारण तासभर टिकतो. पलंगाची उशाकडची बाजू पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली ठोकळे लावून १५ सेंमी उचला. नुसत्या जादा उशा देऊन ते काम होत नाही, कमरेत घडी पडते. आणि तुमचं सत्र संपलं की त्यांना लगेच दारापर्यंत चालवत नेऊ नका. पाच मिनिटं बसवा, उभ्याने एक माप घ्या, मग सोडा.